हातावर तोललेलं स्थळ

सोनाजी मापाड्यानं हिंगोलीच्या मोंढ्यात छत्तीस वर्षं हळद तोलली. पोतं काट्यावर चढवायचं, वजन पुकारायचं आणि उतरवायचं, एवढंच काम. पण खरं सांगायचं तर काटा बाकीच्यांच्या समाधानासाठी होता. पोत्याचे कान धरून जरा हलवलं की वजन सोनाजीच्या मनगटात उतरायचं. आणि वर झगझगीत कांडी म्हणजे भारी हळद ठेवून बुडाशी ओले गट्टू म्हणजे हलका माल दडपलाय का, हेही त्याला पोतं न खोलता कळायचं. छत्तीस वर्षं रोज असली पोती हाताखालून गेल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? मोंढ्यातून तो निवृत्त झाला, तेव्हा काम तिथंच राहिलं आणि संशय त्याच्याबरोबर घरी आला.

घरी बायको नर्मदाबाई आणि लग्नाची मुलगी प्रियदर्शनी. आता मुलीला स्थळ आलं की आपल्याकडे चौकशी करतातच. त्या गावातला एखादा ओळखीचा गाठायचा, त्याला चहा पाजायचा, आणि पोरगं पितं का, शेत खरंच त्याच्या नावावर आहे का, हे काढून घ्यायचं. मुलाकडचेही तेच करतात, कुणी वाईट मानत नाही. पण सोनाजीला दुसऱ्यानं केलेली चौकशी म्हणजे दुसऱ्यानं तोललेलं पोतं वाटायचं. तो स्वतः जायचा.

वसमतचा मुलगा त्यानं पानटपरीवर गुटख्याची पुडी फोडताना पकडला. सेनगावच्या घरी छत्री विसरल्याचं निमित्त करून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तर काल ज्या सोफ्यावर बसून चहा प्यायला तो सोफाच घरात नव्हता. तो शेजाऱ्याचा होता. तिसरं आणि चौथं स्थळ असंच काहीबाही निघून मोडलं. पाचव्यात मात्र महिनाभर खपूनही काहीच सापडलं नाही, म्हणून ते मोडलं. एवढं स्वच्छ पोतं कुठं असतं का, हे सोनाजीचं म्हणणं.

प्रियदर्शनी एकोणतीस वर्षांची झाली होती. हिंगोलीतल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची आणि मोजून पाहिल्याशिवाय कशावर बोलायची नाही, एवढं बापाचं तिच्यात उतरलं होतं. पाचवं स्थळ तिच्या मनात भरलं होतं. ते मोडल्यावर ती दोन दिवस जेवताना बोलली नाही, आणि सोनाजीनं विचारलंही नाही. सहावं स्थळ घेऊन त्याची चुलत बहीण गंगूताई आली, तेव्हा प्रियदर्शनी आतून बाहेर येऊन सरळ बापासमोर बसली.

"आबा, हे शेवटचं," ती म्हणाली. "हे मोडलं तर मी पुन्हा कुनासमोर चहा घेऊन येणार न्हाई. तुमाला काई शंका आली तर आधी मला सांगा. माझ्या माघारी जाऊन चौकशी करू नका."

सोनाजी म्हणाला, न्हाई करत. आणि तो ते मनापासून म्हणाला होता, यात शंका नाही. पण गंगूताई पुढं माहिती सांगत गेली. मुलाचं नाव सोमेश्वर, वय बत्तीस, वारंगा फाट्यावर हायवेला मशिनरीचं दुकान, बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन, ग्राइंडर असलं काय काय विकतो. वडील नाहीत, आई आहे, घर स्वतःचं. हुंडा नको, मानपान नको, लग्न साधं करू म्हणतात. इथं सोनाजीचे कान टवकारले. काहीच मागत नाहीत म्हणजे काहीतरी झाकायचं असणार. पंधरा दिवसांनी रविवारी पाहायला येतो म्हणाले होते. पंधरा दिवस खूप असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीला एकाची तब्येत पाहायला जातो असं घरी सांगून तो नांदेड गाडीत बसला आणि कळमनुरी मागं टाकून थेट वारंग्याला उतरला.

त्यानं बेत केला होता तो असा. भाव विचारणाऱ्याशी सगळेच दुकानदार गोड बोलतात, त्यावरून माणूस कळत नाही. माल घ्यायचा, घरी न्यायचा, चार दिवसांनी तक्रार घेऊन परत यायचं. त्या वेळी दुकानदाराचं तोंड जसं असेल तसा तो माणूस. तक्रार खोटी का असेना.

दुकान पंक्चरवाल्याच्या आणि चहाच्या हॉटेलच्या मधोमध होतं. भिंतीवर रंगारंगाची मशीनं टांगलेली. पोरगा काउंटरवर एक मशीन उघडून बसला होता. त्यानं मान वर करून, या काका, बसा, म्हटलं. सोनाजीनं आधी त्याचे दात पाहिले. पांढरे होते. मग त्यानं आपलं नाव नामदेव सांगितलं, गाव जवळचंच डोंगरकडा, आणि घरकामासाठी बिनवायरचं मशीन पाहिजे म्हणाला.

सोमेश्वरनं मशीन दाखवायच्या आधी घरी काय काय करायचं आहे ते विचारलं. हे सोनाजीला नवं होतं. मोंढ्यात कुठल्या आडत्यानं शेतकऱ्याला असं विचारल्याचं त्याला आठवेना. फळी बसवायची, पडद्याचे दांडे ठोकायचे, खिडकीच्या बिजागऱ्या बदलायच्या, असं त्यानं सांगितलं, आणि ते खरंच होतं, कारण अलीकडेच राहायला गेलेल्या नव्या घरात यातलं एकही काम झालेलं नव्हतं. मग भिंत विटांची का काँक्रीटची, असा दुसरा प्रश्न आला. सोनाजीला वाटलं, हा आपल्या घराची माहिती काढतोय की काय? त्यानं तोडकंच उत्तर दिलं, आणि वरच्या रांगेतल्या लाल मशीनकडे बोट केलं. त्याच्यावर मोठ्या अक्षरात अठ्ठ्याऐंशी व्होल्ट लिहिलेलं होतं, बाकीच्यांवर वीसच.

"ते नका घेऊ," सोमेश्वर म्हणाला.

"काहून? महाग हाय?"

"स्वस्त हाय. आकडा निस्ता वर छापलाय, काका. आत बाकीच्यांएवढाच जोर."

मग ठेवलं कशाला, असं सोनाजीनं विचारलं. मोठा आकडा मागणारं गिऱ्हाईक येतं, त्यालाही मी हेच सांगतो, तरी ते हेच नेतं, असं पोरगा म्हणाला. एखाद्याला हे ऐकून बरं वाटलं असतं. सोनाजी आणखी सावध झाला. आपल्याच एका मालाला नावं ठेवून दुसरा महागाचा गळ्यात बांधायचा, हा डाव मोंढ्यात फार जुना होता. म्हणून त्यानंही एक डाव टाकला. ग्राइंडरपण द्या म्हणाला, सोबत ते स्क्रू पिळायचं जोरदार मशीनपण द्या.

लोखंड कापायचं असेल तर ग्राइंडर देतो, सोमेश्वर म्हणाला, नाहीतर हात कापून घ्याल. स्क्रू पिळायला वेगळं मशीन नको, ड्रिलनंच होईल. रोज दिवसभर काम असेल तर ब्रशलेस मोटरचं घ्यावं, घरच्या दहा-वीस छिद्रांना साधं पुरतं. फक्त भिंतीसाठी हातोड्यासारखी धडक मारणारं पाहिजे, साधं ड्रिल विटेवर नुसतं फिरत राहतं. असं करत त्यानं सोनाजीच्या मागणीतल्या तीन वस्तूंची एक केली. मग निळ्या रंगाचं एक ड्रिल समोर ठेवून म्हणाला, "मशीन पाहू नका काका, बॅटरी पाहा. एकदा ह्या कंपनीची बॅटरी घरात आली का पुढचं प्रत्येक मशीन तुमाला हिचंच घ्यावं लागतं, दुसरं बसत न्हाई. सोयरीक बॅटरीसंगं होते."

सोयरीक हा शब्द ऐकून सोनाजी चपापला. ह्याला कळलं की काय? त्यानं पोराच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, पण पोरगा खोक्यातल्या वस्तू दाखवत होता. एक छोटी बॅटरी, हात वर करून काम करताना हलकी पडावी म्हणून. एक मोठी, दुप्पट चालणारी. एक चार्जर. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सोनाजीनं खोकं घेतलं. वॉरंटीच्या वहीत नाव लिहिताना सोमेश्वरनं फोन नंबर विचारला, तर त्यानं शेवटचे दोन आकडे उलटे सांगितले.

घरी त्यानं मशीन हिंगोलीतूनच आणलं असं सांगितलं. नर्मदाबाईनं खोक्याकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. उभ्या जन्मात ज्यानं घरातला खिळा ठोकला नाही, त्याला हे काय सुचलं, असं ती म्हणाली. कळमनुरीच्या पेशंटचं विचारायला मात्र विसरली. प्रियदर्शनी कामावरून आली, हात धुतले, सूचनांचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मशीन ताब्यात घेतलं.

चार दिवसांत तिनं घर बदलून टाकलं. आपल्या खोलीत पुस्तकांची फळी बसवली, पाण्याची बाटली आडवी ठेवून ती समपातळीत आहे का ते पाहिलं. पुढच्या खोलीत पडद्याचा दांडा लावला. आईला स्वयंपाकघरात झाऱ्या-पळ्यांसाठी खुंट्यांची पट्टी ठोकून दिली. भिंतीत छिद्र पाडताना तिच्या ओढणीवर लाल भुकटी पडायची आणि ती हसायची. बऱ्याच दिवसांनी ती घरात अशी मोकळी वावरत होती, आणि सोनाजी खाटेवर बसून ते बघत होता. पोरानं दिलेलं मशीन चांगलं आहे, एवढं त्याला मान्य करावं लागलं. त्याचा त्याला रागही आला.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आबा, ही मोठी बॅटरी मोठी न्हाई. छोटीनं बारा छिद्रं पाडली, हिनं चौदा. दुप्पट पायजेत ना?"

सोनाजी उठला. छोटी बॅटरी डाव्या हातात घेतली, मोठी उजव्या हातात. डोळे मिटले. दोन्ही हात थोडे वर-खाली केले, आणि त्याला मोंढ्यात उभं असल्यासारखं वाटलं. मोठीवर क्षमतेचा आकडा चार लिहिला होता, छोटीवर दोन. दुपटीचा माल असेल तर हाताला दुपटीच्या आसपास लागायला पाहिजे. उजव्या हातात जास्तीचं वजन होतं ते निव्वळ प्लास्टिकचं.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर त्यानं पेचकस घेऊन मोठी बॅटरी उघडली. आत सेलच्या दहा नळ्यांची जागा होती आणि नळ्या पाचच होत्या. उरलेल्या जागेत खडखड होऊ नये म्हणून फोमचा तुकडा कोंबला होता. वर कांडी, खाली गट्टू. सोनाजीला क्षणभर असा आनंद झाला की त्यानं मांडीवर थाप मारली. धरलाच चोर. आता खोटी तक्रार करायचीही गरज नव्हती.

तो आनंद टिकला नाही. समोर पडद्याचा दांडा दिसत होता, आणि प्रियदर्शनी मशीन धरून हसत होती ते त्याला आठवलं. सहावं स्थळ मोडायला त्याच्या हातात आता भरभक्कम पुरावा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हा पुरावा सापडला नसता तर बरं झालं असतं. त्याला भीती वाटली, स्वतःच्या हाताची. लेकीला सांगावं तर चौकशीला गेलो होतो हे आलं. न सांगावं तर रविवार तोंडावर आला होता.

मंगळवारी तो पुन्हा वारंग्याला गेला. उघडलेली बॅटरी त्यानं काउंटरवर आपटली आणि हॉटेलातल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, दहाचे पैसे घेऊन पाच विकून राहिले का, असं विचारलं. हे तो मुद्दाम करायचा. चारचौघांत अब्रूला हात घातला की माणसाचा खरा रंग बाहेर येतो.

सोमेश्वरनं बॅटरी उचलली, फोमचा तुकडा काढून पाहिला. त्याचा चेहरा उतरला.

"तुमी उघडली काहून?" त्यानं विचारलं.

आता म्हणेल, उघडली म्हणजे वॉरंटी संपली. सोनाजी वाटच पाहत होता.

"उघडली म्हणून बोलत न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "वरून तर मलाबी कळलं नसतं. तुमाला आत कमी हाय ते कसं कळलं?"

"वजनावरून."

पोरगा आत जाऊन तसल्याच सहा बॅटऱ्या घेऊन आला आणि सोनाजीसमोर मांडल्या. सोनाजीनं एकेक हातात घेतली. ही खोटी, ही खोटी, ही खरी, ही खोटी, असं तो सांगत गेला आणि पोरगा तशा दोन रांगा लावत गेला. मग त्यानं दोन्ही रांगांतली एक-एक उघडली. खरी म्हटलेलीत दहा निघाल्या, खोटी म्हटलेलीत पाच. हॉटेलातून कपबशी हातात घेऊन आलेले दोघं तोंडात बोट घालून बघत राहिले. छत्तीस वर्षांत मोंढ्यात कुणी सोनाजीच्या हाताकडे असं पाहिलं नव्हतं. पण सोमेश्वर त्याच्या हाताकडे बघत नव्हता. तो खाली मान घालून त्या रांगांकडे बघत होता.

दिवाळीपासून एक नवा सप्लायर कमी भावात माल देतोय, त्यानं सांगितलं, खोकं तेच, छाप तीच, म्हणून मी उघडून पाहिलं नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "चूक माझी हाय."

त्यानं वॉरंटीची वही काढली आणि फोन लावायला बसला. दिवाळीपासून मोठी बॅटरी नेलेली अकरा गिऱ्हाइकं होती. तुमची बॅटरी बदलून देतो, घेऊन या, नाहीतर मी येतो, असं तो एकेकाला सांगत होता. सोनाजीला अजूनही वाटत होतं, पलीकडे खरंच कुणी आहे का? की हा आपल्यापुढं नाटक करतोय? म्हणून तो काउंटरवरून पुढं झुकला आणि कान दिला. पलीकडून एक माणूस सोमेश्वरला आईवरून शिव्या देत होता. खरा माणूस होता. सोमेश्वर, हो काका, बराबर हाय काका, म्हणत ऐकून घेत होता.

चौथ्या फोनला सोनाजी मागं सरकून बसला. हा पोरगा खरा आहे. हे त्याला कुणाकडून कळलं नव्हतं, त्यानं स्वतः तोललं होतं. माझी पोरगी ह्याच्या घरी सुखात राहील, असं त्याला वाटलं.

"काका, तुमचा नंबर लागून न्हाई राहिला," सोमेश्वर वही पाहत म्हणाला. "नवा माल गुरुवारी येईल. तुमी दोनदा चक्कर मारली. आता तुमी येऊ नका, शुक्रवारी मीच डोंगरकड्याला घेऊन येतो. नामदेव म्हणलं का सापडंल ना घर?"

खरं सांगायची हीच वेळ होती. सोनाजीचं तोंड उघडलंही. पण हॉटेलातले ते दोघं अजून त्याच्याकडे कौतुकानं बघत होते, आणि त्यांच्यासमोर मी नामदेव नाही म्हणायला जीभ वळेना. कशाला तकलीफ घेता, राहू द्या, असं तो दोनदा म्हणाला. पोरगा ऐकेना. तेवढ्यात गाडी आली आणि सोनाजी बरं म्हणून निघाला. रविवारी उलगडा होईलच, त्यानं गाडीत विचार केला. सगळेच चौकशी करतात. पोरगा हसेल, आपण हसू, आणि पुढं नातवंडांना सांगायला एक गोष्ट होईल.

रविवारी नर्मदाबाईनं सकाळपासून पोह्याची तयारी केली. गंगूताई पाहुण्यांना घेऊन अकराला आली. सोमेश्वर, त्याची आई, एवढेच. दारात चप्पल काढता काढता सोमेश्वरनं वर पाहिलं आणि एक पाय चपलेत, एक बाहेर, असा तो थांबला.

"नामदेव काका?"

गंगूताई हसली. नामदेव कोण, हे आमचे सोनाजी दादा, मुलीचे वडील, असं तिनं सांगितलं. सोनाजीही हसला. मोठ्यांदा हसला. सोमेश्वरचा हात धरून त्यानं त्याला बसवलं आणि सगळी हकिकत रंगवून सांगायला सुरुवात केली, बॅटरी हातात कशी तोलली, पोरानं फोन कसे लावले. माझी खात्री पटली, असं तो शेवटी म्हणाला. माझ्याकडून होकार समजा.

पाहुण्यांतलं कुणी हसलं नव्हतं.

मुलाची आई गंगूताईकडे बघत बोलली, सोनाजीकडे नाही. शुक्रवारी पोरगा दुकान बंद करून डोंगरकड्याला गेला होता. पाच तास उन्हात घरोघर विचारत फिरला. दोन नामदेव सापडले, ते हे नव्हते. तिसऱ्या नामदेवचं घर दाखवलं कुणीतरी. तो चार महिन्यांपूर्वी वारला होता. त्याच्या बायकोला वाटलं, नवऱ्यानं मरायच्या आधी आपल्याला न सांगता काहीतरी घेतलं होतं, तेच द्यायला हा आला. ती दारातच रडायला बसली. तिची समजूत घालता घालता ह्याची संध्याकाळची गाडी गेली. त्या दिवशी पोरगा जेवला नाही, असं तिनं सांगितलं.

चौकशी सगळेच करतात, सोनाजी म्हणाला, पोरीचा बाप आहे मी.

"चौकशी केली त्याचं काई न्हाई काका," सोमेश्वर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी दुकानदार हाय, मला लोक रोज तोलतात. पन मंगळवारी माझं सगळं उघडं पडलं होतं तुमच्यासमोर. तवा तरी तुमाला नाव सांगता आलं असतं. आता तुमी होकार देऊन राहिले. तो खरा का खोटा, मी कशानं तोलू?"

तो पिशवीतून एक नवी बॅटरी काढून टेबलावर ठेवून उठला. त्याची आईही उठली.

आतल्या दारात प्रियदर्शनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती केव्हापासून उभी होती, कुणाला माहीत नव्हतं. तिनं टेबलावरच्या बॅटरीकडे पाहिलं, मग सोमेश्वरकडे, आणि सगळ्यात शेवटी बापाकडे.

"मशीन हिंगोलीतून आणलं म्हणले होते तुमी," ती म्हणाली.

सोनाजीनं मान खाली घातली. मशीन कुठून आणलं, कळमनुरीला कोण आजारी होतं, तिला दिलेला शब्द, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. हात मोकळे असूनही जड झाले होते. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. पाहुण्यांना ती म्हणाली, चहा तरी घ्या. मग वळून बापाला म्हणाली, "आबा, तुमी आत जाऊन बसा. मी बोलते."

एखाद्या बापानं दटावलं असतं. सोनाजी उठला आणि आत गेला. एरवी पाहुणे बाहेर असताना पोरगी जिथं बसते, त्या स्वयंपाकघरातल्या पाटावर तो बसला. नर्मदाबाई झाकण घातलेल्या पोह्यांपाशी उभी होती. ती त्याच्याकडे बघेना. बाहेरून आवाज येत होते. प्रियदर्शनीचा, मग सोमेश्वरचा, मग बराच वेळ प्रियदर्शनीचाच. शब्द एकही कळत नव्हता. एरवी तो उठून भिंतीला कान लावून उभा राहिला असता. आज त्याला उठायची लाज वाटली. काय बोलून राहिलेत, असं त्यानं बायकोला हळूच विचारलं.

"सांगंल ती," नर्मदाबाई म्हणाली. "सांगावं वाटलं तर."

पोहे गार झाले. दार वाजलं, चपला वाजल्या, गंगूताईचा आवाज अंगणातून रस्त्याकडे गेला. प्रियदर्शनी आत आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज साफ होता. ट्रेमधल्या कपबशा तिनं मोरीत ठेवल्या. चारही कप रिकामे होते, एवढं सोनाजीनं पाहून घेतलं.

"न्हाई म्हणाले?" त्यानं विचारलं.

"न्हाई म्हणून गेले न्हाईत. व्हय म्हणूनबी गेले न्हाईत." तिनं नळ सोडला. "गुरुवारी मी सुट्टी घेते. वारंग्याला जाऊन येते. माझं नाव सांगून बोलते त्यांच्यासंगं."

कुठं बसणार, सोबत कोण असणार, त्यांची आई असेल का, तो काय विचारेल आणि तू काय सांगशील, असे दहा प्रश्न सोनाजीच्या तोंडाशी आले. त्यानं ते गिळले. एकच उरला.

"मी येऊ का संगं?"

"न्हाई आबा," प्रियदर्शनी कप विसळत म्हणाली. "तुमी घरी थांबा. आल्यावर मी जे सांगीन, ते खरं धरा."